बटणावरचा हात

"पोरी, तुनं आडनाव काय शे?"

विचारणारे नवरीचे आजोबा. सगळे त्यांना आबा म्हणत. दोंडाईच्याचं लग्न. मी व्हिडिओ मिक्सरसमोर बसून कॅमेरे तपासत होते. आडनाव सांगितलं. आबा आमच्या व्हिडिओ युनिटच्या मालकाला, भाऊला, बाजूला घेऊन गेले.

भाऊ परत आला तो ओलं फडकं घेऊन. मी हात लावलेली बटणं त्याने पुसली. माझ्या देखत. सकाळी त्या मिक्सरला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. पूजेला विटाळ झाला म्हणे.

मशीन भाऊचं, पण चालवायचे मी. कोणी शिकवलं नाही. रिकाम्या मांडवात बसून बसून उमगलं. खालची रांग हिरवी. पुढचं चित्र तिथे तयार ठेवायचं, ते मलाच दिसतं. वरची रांग लाल. तिथलं चित्र मोठ्या पडद्यावर अख्खा मांडव बघतो. उजवीकडचं एक बटण दाबलं की खालचं वर जातं. एवढं कळलं की बाकीच्या बटणांची भीती जाते.

"तू मांगे बस. नुसतं सांग, बटन मी दाबस," भाऊ म्हणाला.

बसले. पोट हातावर होतं. मंगलाष्टकं सुरू झाली. मी कॅमेऱ्याचा नंबर सांगायचे, भाऊ दाबायचा. चित्रं छान बदलत होती. आबा येऊन भाऊची पाठ थोपटून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. डोकं तापलं माझं. माझी अक्कल चालते, बोटं चालत नाहीत. हे कसलं सोवळं?

शेवटचं मंगलाष्टक. अंतरपाट आता खाली येणार. नवरीचा चेहरा हिरव्या रांगेत तयार. मी गप्प.

"बोल ना," भाऊ कुजबुजला.

"हात चालत नही, मंग तोंड बी चालाव नही."

अंतरपाट पडला. पडद्यावर भटजींची पाठ. भाऊने घाबरून भलतंच बटण दाबलं, मांडवाचं छत दिसलं. लोक ओरडले. मी पिशवी उचलली आणि चालू लागले. नवरीचं वाईट वाटलं. तरी मागे वळले नाही.

त्यानंतर बरेच दिवस काम नव्हतं. आईने बोलणं टाकलं. धुळ्यापासून पहूरपर्यंत माझं नाव खराब झालं. होऊ दे. आता काम घेऊन कोणी आलं की मीच आधी आडनाव सांगते. चालत असेल तर बटणावर हात माझा. नसेल, तर तुमचा पडदा काळा राहू दे.