मखरातला निळा उंट

दोह्याच्या जुन्या मंडळींनो, सकाळी सुधीरभाऊजींनी ग्रुपवर टाकलेला फोटो पाहिलात ना? ऐंशीच्या दशकातला, अल हिलाल भागातल्या आमच्या घरचा गणपती. खाली लिहिलंय, "आपल्या मुलांनी मिळून केलेलं मखर!" त्यावर तुम्हा सगळ्यांच्या टाळ्या. मला अक्षरशः शिसारी आली.

मुलांनी मिळून मखर केलं होतं, पण ते हे नव्हे.

नव्या एसीच्या खोक्यातल्या थर्माकोलची त्यांनी होडी केली होती. कुणी लाटा रंगवल्या, कुणी शीड शिवलं. उंदराशेजारी एक निळा उंट बसवला, कारण काय, तर "बाप्पा इज इन कतार नाऊ!" भांडत, गोंद सांडत, एकमेकांचं ऐकत पोरांनी ते जमवलं होतं.

गणपती बसायच्या आदल्या संध्याकाळी भाऊजींसकट आपली इंजिनियर नवरेमंडळी ऑफिसातून आली. "पाहुण्यांसमोर हे ठेवायचं? खलास, काढा!" मी नको नको म्हणत असताना होडी मोडून कचऱ्यात गेली. फूटपट्टी लावून सरळसोट देऊळ उभं राहिलं. आणि दुसऱ्या दिवशी कौतुक करून घ्यायला मुलांना पुढे उभं केलं. बापांच्या कामाची शाबासकी पोरांच्या गळ्यात! फोटोतले त्यांचे चेहरे बघा जरा.

मघाशी लेकीला तो फोटो पाठवला. ती आता स्वतः शाळेत शिकवते. तिनं एवढंच विचारलं, "आई, व्हेअर इज अवर उंट?"

भाऊजी, तिला काय सांगू? इथेच लिहा, सगळ्यांसमोर.