कणगीतला देवाचा पैसा

सतरा मार्च, सोमवार. रक्कम सहासष्ट हजार रुपये. हजर: वाडीच्या वीस घरांतली माणसं, गावकार म्हणजे आमच्या गावचे मानकरी, आणि मी. जागा देवळासमोरचं अंगण. शिमगा होऊन तीन दिवस झाले होते, तरी कुणाकुणाच्या कानामागे अजून गुलाल होता.

आमची वाडी कुंभारवाडा या गावापासून सात किलोमीटर आत, जंगलात. मी रामनगरला पशुखाद्याच्या दुकानात हिशेब लिहितो आणि तिथंच राहतो, पण वाडीच्या वीस घरांत माझं घर धरलं जातं. देवाच्या पैशाची रीत जुनी आहे. शिमग्यानंतर तो वीस घरांत सारखा वाटायचा आणि पुढच्या शिमग्याला प्रत्येकानं दहाला एक रुपया जास्त घालून परत आणायचा. गरज नसली तरी घ्यायचा, कारण देवाचा पैसा निजू द्यायचा नसतो. आदल्या वर्षी घराला तीन हजार गेले होते. या वर्षी तीन हजार तीनशे आले. कुणाचा एक रुपया कमी नव्हता.

मोजताना हळदीचा डाग पडलेली पाचशेची नोट हाताला लागली. आदल्या वर्षी हीच नोट मी माझ्या चुलत वहिनीच्या हातात दिली होती.

"वहिनी, ही वर्षभर कुठं होती?"

"कणगीत. भातात," वहिनी म्हणाली. "आनी कुठं ठेवतात?"

मी एकेकाला विचारत गेलो. वीसपैकी सोळा घरांनी नोटा भाताच्या कणगीत खुपसून ठेवल्या होत्या आणि शिमग्याला वरचे तीनशे पदरचे घालून आणले होते. न वापरलेल्या पैशावर दहा टक्के व्याज! माझ्यासारख्या माणसाला हे ऐकवत नाही. मी तिथंच उभा राहून बोललो. रक्कम बँकेत ठेवू. पाच वर्षांच्या ठेवीला सात टक्के मिळतात, एक-दोन वर्षांच्या ठेवीला कमी. पाच वर्षांत त्र्याण्णव हजारांच्या वर होतील, आणि तुमच्या खिशातून काही जाणार नाही.

"देव बँकेत सही करंल व्हय?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले. पण तीनशे रुपये वाचणार हे सगळ्यांना पटलं. वीस मार्चला गावकार, दुसरे एक शेजारी आणि मी अशा तिघांच्या नावे ठेव झाली. मी घरी जाऊन बायकोला पावती दाखवली. तिनं ती वाचली, आणि भाकरीचं पीठ संपलंय एवढंच सांगितलं.

सप्टेंबरात, चवथ म्हणजे गणपती होऊन गेल्यावर, एका बुधवारी दुपारी वहिनी रामनगरला आमच्या दारात उभी राहिली. सकाळच्या बसनं आली होती. पाणीसुद्धा न घेता तिनं सांगितलं. कुंभारवाड्याच्या गिरणीवाल्या म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेत, ते गिरणी विकतायत. घरच्या विजेवर चालणारी, चाळीस हजारांना. शुक्रवारपर्यंत पैसे आणलेस तर तुझी, नाहीतर रामनगरचा एक व्यापारी रोख घेऊन बसलाय, असं त्यांनी सांगितलं होतं. वहिनीजवळ कोकम आणि फणसाचे चौदा हजार होते. सव्वीस हजार कमी.

चुलत भावाला जंगलातलं काम आठवड्यातून दोन दिवस मिळालं तर मिळतं. वाडीतल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन सात किलोमीटर दळायला जातात. गिरणी दारात आली तर वहिनीचं घर तिच्यावर चालणार होतं. आणि रामनगरला गेली तर बायकांना कुंभारवाड्यातही दळण मिळणार नव्हतं.

"वाडीत विचारलंस?" मी म्हणालो.

"सगळी वाडी फिरले. भात अजून शेतात हाय, कुनाकडं रोकड न्हाई."

"दरवर्षी कसं करता मग?"

"भावोजी, दरवर्षी कणगीत देवाचा पैसा असतो न्हवं! गेल्या साली शेजारणीला दवाखान्याला आठ घरांतनं काढून दिला. त्याच्या आदल्या साली एका घराचा बैल मेला तवा पाच घरांतनं. शिमग्याच्या आधी ज्याचा त्याला परत. तो पैसा निजला नव्हता. जागा बसला होता. तुम्ही त्याला पाच वर्सं निजवला."

मी माझे स्वतःचे पैसे काढायला उठलो आणि खातं बघितलं. दोन हजार तीनशे दहा रुपये. बाकी सगळं मी टक्का बघून मुदतीत अडकवलं होतं.

"सगळं पेरून बसलाय," बायको आतून म्हणाली. "खायला ठेवलंच न्हाई."

ठेव मोडायची तर तिघांच्या सह्या हव्यात. बाकी दोघांना बँकेत बोलावल्याचा निरोप घेऊन वहिनी संध्याकाळच्या बसनं परत गेली. गुरुवारी, अठरा सप्टेंबरला, गावकार आणि शेजारी सकाळच्या बसनं आले. गावकारांनी बँकेत चष्मा पुसला आणि आरामात सही केली.

"शिकलेल्या मानसाचं बरं असतंय," ते म्हणाले. "चूक केली तरी कागदावर सापडती."

मुदतीआधी मोडल्यामुळे सातऐवजी पाच टक्के मिळाले. एकशे ब्याऐंशी दिवसांचे एक हजार सहाशे पंचेचाळीस रुपये. बाहेर पायरीवर गावकारांनी विचारलं, "आनी वाडीत असता तर देवाला किती मिळालं असतं?"

मी हिशेब केला. दहा टक्क्यांनी, तेवढ्याच दिवसांचे, तीन हजार दोनशे नव्वद. म्हणजे बँकेनं दिले तेवढेच अजून कमी पडत होते. ते मी खात्यातून काढून गावकारांच्या हातात ठेवले. खात्यात सहाशे पासष्ट उरले. शेजारी म्हणाले, "देवानं दंड पन पावतीसारखाच बरोबर घेतला बघा."

वहिनीच्या गिरणीसाठी सव्वीस हजार बाजूला काढून बाकीचे त्याच संध्याकाळी वाडीत घरोघरी गेले. माझ्या घराचा वाटाही गावकारांनी माझ्या हातात दिला. रामनगरात आमच्याकडे कणगी नाही, म्हणून बायकोनं तो तांदळाच्या डब्यात खाली ठेवला. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी असावी हे मी दुकानात कामगारांना कितीदा सांगितलं असेल. वाडीत हे कुणी सांगत नव्हतं, नुसतं करत होते.

शुक्रवारी वहिनीनं गिरणीवाल्या म्हाताऱ्यांना चाळीस हजार मोजून दिले. गिरणी टेंपोतून वाडीत आली. पुढच्या रविवारी मी पाच किलो नाचणी घेऊन गेलो. वहिनीनं दळून दिली, पिशवी हातात दिली, आणि हात तसाच पुढे ठेवला.

"मी भावोजी ना गं तुझा?"

"व्हय की. म्हणून रांगेत पुढं घेतलं. देवाच्या पैशाची गिरणी हाय, फुकट न्हाई."

किलोला सहा रुपये दर. तीस रुपये दिले, वहिनीला.