बेचाळीस पानांचा फुटर

आमच्या मालकाचा मला राग होता, आजही आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं वेबसाइट बनवायचं दुकान होतं, मी तिथे दोन वर्षं काढली. फाइली कशा ठेवाव्या याची त्याला अक्कल नव्हती. एक पान बनवायचं, कॉपी मारायची, नाव बदलायचं, झालं! फोल्डरांची नावं 'नवीन', 'नवीन२', 'फायनल', 'खरंफायनल'. फोटो, रंगांच्या फाइली, पानं, सगळा एकच ढीग. मी म्हणायची, फुटरची, म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाशी येणाऱ्या पट्टीची, एकच फाइल करा, सगळी पानं तिथूनच उचलतील. तो म्हणायचा, "तुले लय शानपन सुचून राहिलं!"

त्या वर्षांत आमच्याकडे सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची, रोज कुठल्यातरी शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी. अमरावतीच्या एका संस्थेने शेतकरी घरांसाठी हेल्पलाइन काढली, तिची वेबसाइट आमच्याकडे आली. हेल्पलाइनचा नंबर अजून मिळायचा होता, म्हणून मालकाने फुटरमध्ये तात्पुरता दुकानाचाच नंबर टाकला. बेचाळीस पानांवर. खरा नंबर आल्यावर बदलला फक्त पहिल्या पानावर.

दुकानाचा फोन वाजायला लागला. मालक "राँग नंबर" म्हणून आपटायचा. एकदा तो चहाला गेला होता म्हणून मी उचलला. बार्शीटाकळीकडची बाई होती.

"ताई, आमच्या घरचे, पोराचे बाबा, दोन दिवसांपासून जेवून नाही राहिले, बोलून नाही राहिले. सकाळी फोन केला त एका मानसानं ठेवून देल्ला. काहून?"

मी तिला खरा नंबर दिला, तिच्याकडून दोनदा म्हणून घेतला. हा कुठून मिळाला, विचारलं. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर कागद होता. शाळेच्या गुरुजींनी वेबसाइटचं आतलं पान छापून लावलेलं.

त्याच दुपारी मी फुटरची एकच फाइल केली, बेचाळीसही पानं तिला जोडली. पण छापलेले कागद? ते किती गावांत लागले, देव जाणे.

मालकाला म्हटलं, "आता कोनाचाबी फोन आला त खरा नंबर सांगा."

"म्या काय दवाखाना उघडला?"

दुसऱ्या दिवशी ती बाई परत बोलली. "लागला ताई. तिथले दोघं जन घरी आले होते. आज आमच्या घरच्यायनं भाकर खाल्ली." मी तिथेच रडली. मी फोन ठेवताच मालकाने रिसीव्हर काढून टेबलावर ठेवला. म्हणे, कटकट नको. मी जागेवर ठेवला, त्याने परत काढला. आठवडाभर हेच चाललं. शेवटी कडाक्याचं भांडण झालं आणि मी नोकरीला लाथ मारली.

मोठा तोरा होता तेव्हा मला. निघताना रिसीव्हर टेबलावरच पडलेला होता आणि या वेळी मी तो उचललाही नाही. बोर्डावरचा कागद पाहून नंबर फिरवणाऱ्याला बिझीच लागलं असेल. मालकाला शिव्या देते, पण त्या दिवसाचा राग मला माझाच येतो.