वेजला दाते पाडले त्या दसऱ्याची गोष्ट

आबांची गोल्फची वेज बाद झाली हे आधी मला कळलं. घरातले ईमेल मीच उघडते. आबांच्या मते त्यात वीजबिलाशिवाय काही नसतं. त्या सकाळी मात्र नागपूरच्या गोल्फ क्लबाच्या कमिटीचा निरोप होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ज्येष्ठांची जोडी स्पर्धा असते, तिला या वर्षापासून खाचांचा नवा नियम लागू. जुन्या, खोल खाचांच्या काठीने खेळलं तर जोडी बाद.

मी ते पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं. ज्या वस्तूने माणूस उजळ माथ्याने आयुष्यभर खेळला, ती एका सकाळी बेकायदा होते म्हणजे काय?

तुम्ही नातवंडांनी आबांना व्हिडिओवर वेज फिरवताना पाहिलं आहे, पण खाचांकडे तुमचं लक्ष गेलं नसेल. वेज म्हणजे तिरप्या तोंडाची, जड बुडाची काठी. तिने बॉल लांब मारायचा नसतो, उंच उचलून झेंड्याजवळ अलगद टाकायचा असतो. तिच्या तोंडावर आडव्या खाचा असतात. त्या खोल आणि कडेला धारदार असल्या की बॉल उलटा गरगरतो आणि पडल्या जागी थबकतो, अगदी उंच गवतातून मारला तरी. नियम करणाऱ्यांना नेमकं हेच खटकलं. बॉल गवतात घालवणाऱ्याला मग शिक्षा ती काय? म्हणून नव्या वेजच्या खाचा उथळ आणि बोथट करायला लावल्या. मोठ्या खेळाडूंना हा नियम केव्हाच लागला होता. आम्हा म्हाताऱ्यांना कोणी विचारत नव्हतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

आबांची वेज तुमचे बाबा शाळेत होते तेव्हाची, छावणीतल्या एका अधिकाऱ्याकडून घेतलेली. तिचं तोंड चिंचोक्यासारखं काळपट झालं होतं. मी नियम वाचून दाखवला तेव्हा त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली.

"हिने कोणाचं काय बिघडवलं?" एवढंच म्हणाले. बरेच दिवस तो विषय काढला नाही.

ही स्पर्धा त्यांच्यासाठी काय होती, ते सांगायला हवं. त्यांचे फौजेतले मित्र नागपूरला राहतात. त्यांना आता फार कमी दिसतं. बॉल मारतात लांब, पण तो गेला कुठे हे त्यांना कळत नाही. आबांना दिसतं सगळं, पण आजारपणानंतर त्यांच्या हातात लांब मारायची ताकद उरली नाही. उरली ती वेज. दोघे मिळून एक पुरा खेळाडू होतात. दिवाळीनंतर मित्राची मुलगी त्यांना कायमचं बंगळूरला नेणार होती. म्हणजे ही त्यांची शेवटची जोडी. आबा हे बोलून दाखवत नव्हते. फक्त रोज सकाळी मुरमावर जात होते.

मुरूम म्हणजे दारव्ह्याच्या बाजूचा आपला तो तुकडा, जिथे कपाशी धरत नाही, तूरही नाही. तिथे आबांनी झेंडे रोवले आहेत. हिरवळ कुठली, जळक्या तेलात कालवलेली रेती पसरून दाबली आहे.

शेवटी नवी वेज घ्यायची ठरली आणि मला दुसरा धक्का बसला तो तुमच्याशी फोनवर बोलताना. तोंड छप्पन अंशांनी तिरपं की अठ्ठावन? बुडाला फुगवटा किती? एका काठीत इतके प्रकार! साडीच्या दुकानात मी गोंधळत नाही, पण तुमची ती यादी बघून गोंधळले. मग आबाच पुढे सरकले. मऊ रेतीत फुगीर बूड बरं, म्हणाले, पण आपली जमीन तव्यासारखी; फुगवटा तिच्यावर आपटून उसळतो आणि काठी बॉलच्या डोक्यात बसते. "मला चपलेसारखी सपाट बुडाची पाठवा. छप्पन." तुम्ही ती कोणाबरोबर तरी नागपूरपर्यंत पाठवलीत.

माझीही एक वेज आहे, बायकांची, आखूड. ती मोठ्या खेळाडूंना नियम लागल्यानंतरची, उथळ खाचांची, म्हणून तिला काही बाधा नव्हती. आबा तिला वरण ढवळायची पळी म्हणतात.

नव्या वेजने आबांना रडवलं. बॉल थांबेचना. हळूहळू त्यांनी तो अलीकडे टाकून झेंड्यापर्यंत घरंगळू द्यायची सवय केली. नवरात्र बसलं तेव्हा एका सकाळी घाम पुसत आले आणि म्हणाले, "जमतंय."

आता खंडे नवमी. शेती सगळी तुमची मोठी आजी, म्हणजे माझी जाऊ, बघते हे तुम्हाला माहीत आहे. नवमीच्या आधी घरातलं झाडून सगळं लोखंड ती खात्याकडे, म्हणजे आपल्या गावच्या लोहाराकडे पाठवते. विळे, कुऱ्हाड, वखराची पास. ते धार लावून आलं की धुऊन पाटावर मांडायचं, हळदीकुंकू, झेंडूचे हार. मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही. हत्यारांचा तो विसावा. आबांच्या काठ्याही दरवर्षी तिथे बसतात. यंदाचा फोटो मी तुम्हाला पाठवला होता. त्यात नव्या वेजचं तोंड झेंडूखाली पूर्ण झाकलं आहे. आता तो फोटो बघवत नाही.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झालं. आबांनी हार बाजूला करून वेज उचलली आणि सवयीने तोंडावरून अंगठा फिरवला. अंगठा तिथेच राहिला.

"वयनी," ते म्हणाले. तुमचे आबा माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलतात, वहिनीशी मात्र गावचं. "ही काठी कोठी गेलती?"

"खात्याकडे. कुठी जाईन?"

"काहून?"

"काहून म्हंजे? दाते झिजले होते न तिचे! ते जुनी काठी पाहा, कशा खोल खोल रेघा हायेत. अन् ही नवी असून बोथट. मले वाटलं, फसवलं पोराईले दुकानदारानं. इळ्याचे दाते झिजले तं आपण पाडून आणतो का नाही? तसेच पाडून आणले. कानशीनं. खात्यानं मोठं मन लावून केलं हो."

मी वेज हातात घेतली. मन लावून केलं होतं यात शंका नाही. प्रत्येक खाच सरळ, खोल, आणि कडा अशी की नख अडकावं. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर, आणि अख्ख्या जिल्ह्यात सणाच्या दिवशी वेज कोण देणार!

आबा उजेड होता तोवर मुरमावर गेले. मी कुंपणापाशी उभी राहिले. त्यांनी बॉल उचलून टाकला. तो झेंड्यापाशी पडला आणि खिळा ठोकावा तसा थांबला. दुसराही. तिसरा तर पडून मागे सरकला. आबा परत आले तेव्हा चेहरा लग्नातल्या फोटोसारखा खुललेला.

"हीच नेतो," म्हणाले. "उद्या कोण भिंग घेऊन बघायला येणार आहे?"

नियम बदलला त्याचा धक्का खरं तर काहीच नव्हता. कानशीचाही नव्हता. खरा धक्का होता तो हे वाक्य या माणसाच्या तोंडून आलं त्याचा. रेल्वेचं तिकीट तपासायला कोणी आलं नाही तर स्वतः तपासनीसाला शोधत जाणारा हा माणूस. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांच्या मित्राचा विचार मनात येऊन मला क्षणभर वाटलं, नेऊ देत.

मोठी आजी दारात उभी होती. मघापासून रुसलेलीच, तिच्या कामाला कोणी बरं म्हटलं नव्हतं.

"म्हंजे ही आता चोरीची झाली काय?" तिने मला विचारलं.

"तसंच म्हणा, बाई. हिने खेळणं लबाडी होईल."

"मंग पूजेतली वस्तू लबाडीले नेता काय वो भाऊजी? अन् दाते पाडले म्या. जिंकान तुमी, अन् पाप कोनाच्या नावावर? माह्या!"

"जिंकून कोन राह्यलं वयनी," आबा म्हणाले. "त्याच्यासंगं एक डाव नीट व्हावा, इतकंच."

"मंग नीट करा न."

आबा ओट्यावर बसले. आपट्याची पानं अजून त्यांच्या खिशात होती, त्यातलं एक काढून त्यांनी उगाच दुमडलं, उघडलं.

"खेळू कायनं?"

"मले कायले इचारता? बायकोले इचारा. तिची पळी हाये न!"

पळी हे नाव तिलाही माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

नागपूरला आबांनी पहिल्या झेंड्यापाशीच मित्राला सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना काठी टेकून उभं राहावं लागलं. "तुमच्याकडे वेजला दाते पाडतात? उद्या बॉलला हळद लावाल!" मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मला तर दिसलंच नसतं."

आखूड काठीमुळे आबा दिवसभर वाकून खेळले. जोडी तळाला होती, आणि ते कार्डाकडे बघतही नव्हते. शेवटच्या झेंड्याला मित्राने सुरेख लांब मारला. आबांनी जाऊन पळी घेतली आणि बॉल उचलला. तो अलीकडे पडला, घरंगळला, झेंड्याला चाटून पुढे गेला आणि उतारावर लागला.

"कुठे थांबला?" मित्राने विचारलं.

"अजून थांबला नाही," आबा म्हणाले.

"मग चल, बघू कुठवर जातो." त्यांनी आबांचा दंड धरला आणि दोघे उतारावरून हळूहळू खाली गेले. मी कडेला उभी होते. मागची जोडी खोळंबली होती, पण कोणी हाक मारली नाही.

दाते पाडलेली वेज मोठ्या आजीने परत मागून घेतली आणि विळ्यांच्या खुंटीला टांगली. माझी पळी आबांच्या पिशवीत आहे. मी मागितली तर म्हणतात, आता तिच्याशी पाठीचं जमलं. मित्राचा बंगळूरहून फोन आला की दोघे तिच्याबद्दलच बोलतात.

तेव्हा माझ्यासाठी एक निवडा. बायकांची, सपाट बुडाची, नव्या नियमातली. आणि नवमीच्या आधी पाठवू नका.