दुपारचे बुडबुडे

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर डॉक्टरांनी उकिडवं बसायला कायमची मनाई केली. त्या यवतमाळहून दारव्ह्याला परत यायच्या आत मी संडासातलं जुनं भांडं काढून कमोड बसवून घेतलं. नव्या टाइल्स, धरायला स्टीलचा दांडा, उंबरठा तोडून सपाट. काम नीट झालं होतं.

त्या घरी आल्यावर चौथ्या दिवशी लक्षात आलं की त्यांच्या उशाशी ठेवलेला तांब्या संध्याकाळपर्यंत भरलेलाच असतो. एप्रिलचं ऊन, आणि ही बाई पाणी पीत नाही. तहान नाही म्हणाल्या. ओठ फुटले होते. डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी सरळ सांगितलं की असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल.

संडासला त्या फक्त पहाटे एकदा जायच्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ते श्वास घेते माय. दुपारच्याले."

त्या नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला आणि घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. त्या काठावर उभ्या राहून बघत होत्या. पुढे उतारा, नजर, अंगात येणं, यातलं काही त्यांनी आमच्या घरात शिरू दिलं नाही. माझ्या मुलासाठी शेजारणीने आणलेला काळा दोरा त्यांनी तिच्यादेखत चुलीत टाकला होता. अशा बाईला भूत हा शब्द तोंडातून काढता येत नव्हता. म्हणून त्यांनी पाणी सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी आत स्टूल टाकून बसले. गल्लीत कोणी नव्हतं. बराच वेळ काही झालं नाही. मग भांड्यातलं पाणी थरथरलं, खालून कोणी बोट लावावं तसं. एक बुडबुडा आला, फुटला, आणि पाणी हळूच खाली ओढलं गेलं. घशात पाणी धरून कोणी श्वास आत घ्यावा, तसा आवाज. परत वर. परत खाली. माझा श्वास त्याच्या लयीत चालला आहे हे कळल्यावर मी उठले.

प्लंबर पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने कमोड उचलून पुन्हा बसवलं, सांधा नव्याने भरला. दुपारी आवाज आलाच. दुसऱ्या दिवशी लाइनमध्ये लांब तार घालून पाहिली. काही अडकलेलं नव्हतं. संडासाच्या टाकीचा गॅस पाइप गच्चीवर जातो, तो बघू का, असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं. गच्चीवर साड्या अंथरून माझ्या गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या वाळत होत्या, आणि तिथे मी कोणाला पाय ठेवू देत नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, आणि मला आठवलं. पाइपाचा वास कुरोड्यांना लागू नये म्हणून मीच त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी लावून सायकलच्या ट्यूबने आवळून बांधली होती. दुपारच्या उन्हाने टाकीतला वायू फुगायचा, आणि वर वाट नाही म्हणून कमोडमधून यायचा.

"कुरोड्या जगवल्या ताई," प्लंबर म्हणाला, "अन् आजीले मारून राह्यल्या."

मी तशीच जिना चढून वर गेले. पिशवी फुग्यासारखी ताठ झाली होती. ट्यूब सोडली तशी पाइपाने गरम हवा माझ्या तोंडावर सोडली. ती लवकर थांबली नाही.

त्या दुपारी भांड्यातलं पाणी हललं नाही. सासूबाईंना मी सगळं सांगितलं, पिशवीसकट. त्यांनी मान डोलावली, दोन पेले पाणी प्यायल्या आणि तासाभराने वॉकर घेऊन निघाल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "बाहीर उभी राह्य. बोलत राह्य."

काय बोलायचं सुचेना, म्हणून गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग चीक गाळायचा, असं सांगत राहिले. आतून प्रत्येक वाक्याला बरोबर "हं" येत होता. चीक शिजवताना गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत इथे तर तो जरा आधीच आला, माझं वाक्य संपायच्या आत.

फ्लश झाला. दार उघडलं. सासूबाईंचा चेहरा हलका झाला होता, पण मला रागवल्या. त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

"बोल म्हटलं होतं तुले," त्या म्हणाल्या. "चूप काहून होती?"

चुकलं, म्हटलं मी. त्यांनी पलंगावर बसून पाणी मागितलं. मी पेला भरून दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभी राहिले. त्या हुंकाराबद्दल त्यांना सांगितलं नाही.