सहाव्या मजल्यावरचा जपान

कांताबाई मोहित्यांना माणूस आवडायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ त्या सहसा कुणाला देत नसत. पालिकेच्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीमागं त्यांची सगळी नोकरी गेली. समोर आलेलं तोंड बघितलं की हा खरा आजारी आहे की नुसता सर्टिफिकेटासाठी आलाय, हे त्यांना नाव विचारायच्या आधीच कळायचं. त्या रिटायर झाल्या, लालबागची चाळ पडली, चाळीच्या जागी टॉवर आला, सहाव्या मजल्यावर हक्काचं घर मिळालं, पण ती नजर काही रिटायर झाली नाही. आता तिला स्वयंपाकघराची खिडकी मिळाली होती, आणि खिडकीसमोर उन्मेष.

उन्मेष समोरच्या विंगमधला. ती विंग विकतच्या फ्लॅटांची, ही जुन्या चाळकऱ्यांची. पार्किंगचे मजले संपतात तिथं, सहाव्याच मजल्यावर, त्याच्या फ्लॅटला लागून चांगली ऐसपैस उघडी गच्ची होती. गिरगावातली वडिलांची जागा विकून त्यानं हा फ्लॅट घेतला, मग एका ट्रॅव्हल कंपनीबरोबर आठवडाभर जपान बघून आला, आणि तिथून पुढं तो माणूस कामातून गेला. थंडी सरता सरता त्यानं गच्चीवर जपानी बाग करायला घेतली.

कांताबाईंचे यजमान दत्ताराम यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका बँकेच्या दारात उभं राहून त्यांनी दिवस काढले, आणि आता सकाळ-संध्याकाळ खिडकीपाशी स्टुलावर बसत. उजेड आणि हलणारे आकार, एवढंच दिसायचं. समोर खडखड झाली की विचारायचे, काय चाललंय ग तिकडं? मग कांताबाई भाजी निवडता निवडता सांगत सुटायच्या, आणि सांगताना जिभेला अजिबात लगाम घालत नसत.

आधी आली पांढरी खडी. पोतीच्या पोती. ती गच्चीभर पसरून उन्मेष रोज सकाळी दंताळ्यानं तिच्यावर गोल गोल रेघा ओढायचा. म्हणे हा समुद्र. तो आत चहाला गेला रे गेला की कबुतरं समुद्रात उतरायची आणि घाण करून जायची. मग पुन्हा रेघा. "एवढ्या वेळात घरातला केर काढला असता तर बायकोनं दुवा दिला असता," असं कांताबाईंचं मत पडलं. त्याची बायको नूपुर दारात उभी राहून मोबाइलवर त्याचे फोटो काढायची. केर काढायला बाई येत होती.

मग आलं शेवाळ. हे ऐकून तर दत्तारामही हसले. चाळीच्या मोरीत, जिन्याखाली, नळाशी जे शेवाळ दर पावसाळ्यात ब्लीचिंग पावडर टाकून घासलं, ज्याच्यावरून घसरून निम्म्या चाळीनं हात-पाय मोडून घेतले, ते हा बाबा विकत आणून पाळत होता. बाटलीतून फवारा मारायचा, वर ओलं गोणपाट घालायचा, तान्ह्या बाळाचं करावं तसं सगळं करायचा. होळी झाली, ऊन तापलं, आणि शेवाळ चार दिवसांत पापडासारखं वाळून उडालं. जपानहून म्हणून आणलेला मेपल होता, त्यानंही पानं टाकली. उन्मेषनं शेवाळाच्या जागी प्लास्टिकची हिरवळ अंथरली. एका पिंपात गुलाबी फुलांचं कसलंसं झाड लावलं होतं, त्याला कळी येईना, तेव्हा लग्नाच्या मांडवाला बांधतात तसली कापडी फुलं आणून तारेनं फांद्यांना बांधली. वसंत आला एकदाचा.

खरा वसंत आला होता तो त्याच्या गच्चीच्या पाइपात. तिथल्या भेगेतून पिंपळ उगवला होता आणि चैत्रात त्याला तांबूस कोवळी पानं फुटली होती. उन्मेषनं तो खरवडून काढला. पंधरवड्यात पुन्हा आला, तर मुळाशी ॲसिड ओतलं. कांताबाई बघत होत्या. ज्या झाडाखाली तथागतांना ज्ञान झालं ते झाड जाळलं, आणि त्याच दुपारी टेम्पोतून बुद्धाचं डोकं आणलं.

डोकं. नुसतं. मानेपासून कापलेलं, राखाडी, मिटल्या डोळ्यांचं. उन्मेषनं ते दोन्ही हातांनी आणलं आणि गच्चीच्या दाराशी, चपलांच्या रॅकला लागून, जमिनीवर ठेवलं. लांब होऊन बघितलं आणि स्वतःवर खूश झाला.

"काय आणलं ग?" दत्तारामनी विचारलं.

"दगड," कांताबाई म्हणाल्या.

लग्नानंतर नवऱ्याशी त्या फार वेळा खोटं बोलल्या नव्हत्या. पण हे त्यांच्या तोंडातून निघेना. चाळीच्या चौकातल्या विहारात जी मूर्ती होती ती ह्या माणसानं घाटावरून टेम्पोच्या मागच्या भागात बसून मांडीवर आणली होती, वाटेत कुठं टेकवली नव्हती, पाय बधिर झाले तरी हलला नव्हता. आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. डोळे आले ठिकाणावर की हा माणूस पहिला ह्याच स्टुलावर बसणार. त्याच्या आत ते डोकं तिथून गेलं पाहिजे, एवढंच कांताबाईंनी मनाशी धरलं.

दुसऱ्याच दिवशी त्या खाली उतरून, वळसा घालून, समोरच्या विंगच्या लिफ्टनं वर गेल्या. उन्मेषनं फार आदरानं आत घेतलं. कांताबाईंनी सरळ सांगितलं, की हे असं ठेवू नये, आम्हाला बघवत नाही. उन्मेष गोड हसला.

"काकी, असं काय करता? आम्हीसुद्धा मानतो की. नववा अवतार ना."

हे वाक्य कांताबाईंनी शाळेत बाईंकडून ऐकलं होतं, हॉस्पिटलात साहेबांकडून ऐकलं होतं, आणि दर वेळी सांगणारा असाच हसत असायचा, काहीतरी दान दिल्यासारखा. आमचे बुद्ध कुणाचे अवतार नाहीत, हे तेव्हाही त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, आजही सांगितलं. आणि वर म्हणाल्या, "मानतोस म्हणून चपलांशेजारी ठेवलंस. मानत नसतास तर कुठं ठेवलं असतंस?"

उन्मेष वरमला. जागा बदलतो म्हणाला, आणि शब्दाला जागला. डोकं चपलांपासून उचललं आणि खडीच्या कडेला एक उथळ हौद बांधून घेतला होता, त्याच्या मधोमध नेऊन ठेवलं. पंप लावून टाळूतून पाणी काढलं, आत रंग बदलणारा दिवा बसवला. संध्याकाळी बुद्ध हिरवे व्हायचे, मग जांभळे व्हायचे, आणि डोक्यातून सतत पाणी गळायचं. उन्मेषनं खिडकीकडं बघून, झालं ना मनासारखं, असा अंगठा वर केला. अशा माणसाशी भांडावं तरी कसं, असं कांताबाईंना झालं. त्याला लागतच नव्हतं काही.

मुलाला, सम्यकला, ठाण्याला फोन केला. तो म्हणाला, आई, सोड ना, आता सगळ्या हॉटेलांत असतंय, सलूनमध्ये असतंय, कुणाकुणाशी भांडशील? कांताबाईंनी फोन ठेवून दिला. इतकं शिकवून पोरगं एवढंच शिकलं म्हणून त्यांना त्याचीही चीड आली.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. कांताबाईंनी खिडकीला जाड पडदा लावला, डॉक्टरांनी उजेड सांगितला नाही म्हणाल्या. दत्तारामनी ऐकलं. काळा चष्मा लावून पडद्याशी बसायचे, थेंब घालून घ्यायचे, आणि घरातच बघण्यासारखं काय काय आहे ते बघायचे. "तुझे केस पांढरे झाले की ग," म्हणाले एकदा.

पण उन्मेषला गप्प बसवेल तर शपथ. एका सकाळी त्यानं स्वतः येऊन बेल वाजवली. काका, ऑपरेशन झालं ना, मग रविवारी आमची बाग बघायला या, जपानात वसंतात फुलं बघायला सगळे जमतात, तसं आम्ही करतोय. कांताबाईंनी उन्हाचं निमित्त काढून बघितलं, धुळीचं काढून बघितलं. दत्तारामना केव्हाचं कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

रविवारी गच्चीवर उन्मेषचे ऑफिसवाले जमले होते. हातात ग्लास, बशीत केळीच्या वेफर्सशेजारी भातात गुंडाळलेलं काहीतरी. उन्मेषनं अंगात झगा घातला होता, पट्टा सुटू नये म्हणून एका हातानं धरला होता. लोक कापडी फुलांखाली उभं राहून फोटो काढत होते, आणि वा, काय शांत वाटतं, असं ओरडून एकमेकांना सांगत होते. हौदातल्या डोक्यावर कुणीतरी आपला गॉगल चढवला होता. हसू चाललं होतं.

कांताबाई पुढं झाल्या, नवऱ्याच्या आणि हौदाच्या मध्ये उभ्या राहिल्या. उपयोग झाला नाही. दत्तारामनी त्यांना हलकेच बाजूला केलं, काळा चष्मा काढला, आणि वाकून बघत राहिले. मग हात लांबवून तो गॉगल काढला, घडी केली, काठावर ठेवला.

"उन्मेष," ते म्हणाले, "ह्यांचं बाकीचं कुठं आहे?"

"बाकीचं? म्हणजे, काका?"

"धड. हात. मांडी."

उन्मेषनं नूपुरकडं बघितलं. तिनं मोबाइल खाली घेतला.

"एवढंच मिळतं, काका," तो म्हणाला. "पीसच तसा येतो."

दत्तारामनी मान हलवली. रागावले नव्हते, आवाजही चढला नव्हता.

"एवढंच मिळत होतं," ते म्हणाले, "तर घ्यायचं नव्हतं."

ते वळले आणि खडीवरच्या रेघा मोडत दाराकडं चालू लागले. उन्मेष पट्टा धरून तसाच उभा राहिला. कांताबाईंनी डोकं आणलं त्या दिवसापासून त्याच्यासाठी चांगलं भाषण तयार ठेवलं होतं, ते तिथंच राहिलं. मागं पंप बंद झाल्याचा आवाज आला. कुणी बंद केला ते त्यांनी वळून बघितलं नाही.

लिफ्टपाशी दत्तारामनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तू केव्हापासून बघत होतीस?"

"आणलं त्या दिवसापासून."

"रोज?"

"रोज."

"एकटीच?" दत्तारामनी विचारलं.

कांताबाईंना रडू आलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि लिफ्टचं बटण दाबलं.