नऊ टक्क्यांची पोरगी

माझ्या पोरीनं दहावी मामाकडं, तेलंगणात केली. तिकडच्या तिच्या निकालावर टक्के नव्हते, दहापैकी एक आकडा होता. तिला पडले नऊ पॉइंट दोन. हे लई चांगले मार्क आहेत, हे आम्हाला इकडं वाटूर गावात बसून कळायला दोन दिवस लागले. कळल्यावर मात्र मी गल्लीभर सांगून आले.

अकरावी सायन्सला जालन्याच्या कॉलेजात अर्ज करायचा होता. आमच्याकडं अर्ज कुणी स्वतः भरत न्हाई. फाट्यावर एक ऑनलाइनवाला आहे; सातबारा म्हणा, पीकविमा म्हणा, सगळं त्याच्याकडं. कागदाची पिशवी त्याच्यापुढं ठेवायची अन् बाकावर बसायचं. त्यानं मान वर न करता विचारलं, "ताई, टक्के किती?" मी ऐटीत म्हणलं, "नऊ पॉइंट दोन." त्यानं तेच टाकलं. इथवर चूक माझी, बिलकुल कबूल.

पण पुढं? कॉलेजातल्या बोर्डावर यादी लागली तर आमची पोरगी सगळ्यात खाली, नावापुढं ९.२ टक्के. अहो, पस्तीस लागतात पास व्हायला! नऊ टक्केवाली दहावी पास झालीच कशी, एवढं बी कॉलेजात कुणाच्या डोक्यात येऊ नये? कुणीतरी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. पोरीनं दळण आणायला बाहेर जाणं सुद्धा सोडलं.

हरकत घ्यायचा शेवटचा दिवस होता. सकाळच्या एसटीनं तिला घेऊन गेले. खिडकीतल्या क्लार्कपुढं तिच्या शाळेचं शिक्क्याचं पत्र धरलं. त्यात सरळ लिहिलं होतं की आकड्याला साडेनऊनं गुणलं की टक्के येतात. तो म्हणतो कसा, "बाई, गुणाकार करायचा अधिकार आम्हाला न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "अन् नऊ टक्के छापायचा होता का? हिचं वर्ष वाया गेलं तर तुम्ही भरून देणार का?" रांगेतल्या बाया बी माझ्या बाजूनं बोलायला लागल्या. गलका ऐकून आतून प्रिन्सिपल मॅडम आल्या. त्यांनी फोनवर गुणाकार केला. सत्त्याऐंशी पॉइंट चार. सायन्सचा शेवटचा प्रवेश एक्क्याऐंशीवर झाला होता. मॅडमनी तिथंच अर्जावर सही केली अन् प्रवेश पक्का झाला.

मी क्लार्कला म्हणलं, आता बोर्डावरचं बी दुरुस्त करा. तो हसला. "प्रवेश झाला ना? मंग काय फरक पडतो? यादी उद्या काढूनच टाकायचीय."

फरक पडत न्हाई म्हणे! खिडकीवरचा पेन उचलून मी तरातरा बोर्डाकडं गेले. पण मी हात लावायच्या आत पोरीनं पेन माझ्याकडून घेतला. नऊ पॉइंट दोन खोडलं, शेजारी ८७.४ लिहिलं.

"आई, माझं नाव इथं खाली न्हाईच," ती म्हणाली. "वर सातवं पाहिजे."

सगळी यादी तिला पाठ होती.